काचेवरची कुंभारीण

शास्त्रीबुवांचं पत्र आलं तेव्हा वत्सला पडवीत ज्वारी निवडत होती आणि वरच्या वाशातला काळा भुंगा तिच्या सुपात भुसा पाडत होता. तिनं पोस्टमनकडून लिफाफा घेतला, तळहातावर तोलला आणि माझ्याकडे देत म्हणाली, "माफी मागायला सांगितलीय."

"न फोडता कसं कळलं?"

"जाड आहे. शिव्या द्यायला एवढा कागद लागत नाही."

फोडलं. तिचं बरोबर होतं.

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. दोन-तीनदा कागद पुढे ओढला, पण 'आदरणीय' लिहावं की 'तीर्थस्वरूप' इथेच अडलो आणि कागद परत ठेवून दिला. उत्तर न देणं ही भीती होती की मिजास, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण प्रकरण सांगायचं तर पत्राच्या आधीपासून सांगायला हवं.

मी वाईला मुद्रितशोधक होतो. छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून झाले की आधी एक कच्चा ठसा काढतात, त्याला प्रूफ म्हणतात. त्यातल्या चुका शोधायच्या आणि समासात खुणा करायच्या, हे माझं काम. चारचौघांत तोंड उघडायला मी जन्मभर घाबरत आलो. कागदावरची माणसं उलट विचारत नाहीत म्हणून तो धंदा मला मानवला. प्रूफ घरी यायचं. ते तपासायला दोघं लागतात. एकानं मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं प्रुफावर नजर ठेवायची. मोठ्या छापखान्यांत वाचायला पगारी माणूस असतो. माझ्याकडे वत्सला होती.

वाचणाऱ्यानं विरामचिन्हंसुद्धा वाचायची असतात. त्यामुळे आमच्या घरी संध्याकाळी असं चालायचं: "मनुष्य हा स्वल्पविराम खरे पाहता स्वल्पविराम एकटाच आहे पूर्णविराम. अहो, आमटीला उकळी आलीय का बघा उद्गारचिन्ह." सवय इतकी मुरलेली की ती जे उच्चारायची ते माझा हात आपोआप घालायचा. मधे डोक्याला विचारायचं काम नव्हतं.

सोनगीरवाडीत आमच्या दोन खोल्या आणि पडवी. माझं टेबल मागच्या खिडकीला लागून. ती खिडकी कधी उघडायचीच नाही, कारण तिची चौकट फुगून घट्ट बसली होती. काच मात्र धड होती. माणसांकडे बघायला मला संकोच वाटतो, म्हणून की काय, मी आमच्या घरात घर करून राहणाऱ्या बाकीच्या जीवांकडे बघत बसायचो. वाशात भुंगे होते, त्यांनी बोट जाईल अशी गोल भोकं पाडलेली. गुलाबाची पानं कंपासनं कापल्यासारखी गोल कातरून नेणारी एक करडी माशी होती. तिनं एकदा आमच्या दाराच्या कुलपाच्या भोकात पानांच्या गुंडाळ्या घालून बाळंतघर केलं. किल्ली आत जाईना. वत्सलानं कुलूप तसंच कडीला लटकवून ठेवलं आणि महिनाभर घर उघडं टाकून बाजारात जात होती. शेजारीण म्हणाली, "चोर शिरला म्हणजे?" वत्सला म्हणाली, "शिरू दे. पुस्तकंच आहेत. एखादं वाचून तरी जाईल."

आणि कुंभारीण माशी होती. पिवळी-काळी, कंबर असून नसल्यासारखी. ओल्या मातीची गोळी तोंडात धरून यायची आणि सुपारीएवढं मडकं घडवायची. त्याला वर गळा, गळ्याला बाहेर वळलेला काठ. कुंभाराच्या चाकावरून उतरल्यासारखं. आमच्याकडे बायका म्हणतात, कुंभारणीनं घरात घर केलं की त्या घरात पाळणा हलतो. आमच्याकडे ती दरवर्षी यायची, मागच्या खिडकीच्या चौकटीवर बाहेरून मडकी करायची. पाळणा काही हलला नव्हता. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती आणि तो विषय घरातल्या एखाद्या बंद खोलीसारखा झाला होता. आम्ही दोघंही त्या खोलीपुढून पाय न वाजवता जायचो. तरी वत्सलानं कुंभारणीचं मडकं कधी कुणाला फोडू दिलं नाही.

त्या वर्षी गणपती उठल्यावर कुंभारणीनं चौकट सोडून नेमकी माझ्या खिडकीची काच निवडली. बाहेरून. भिंत म्हणून काचच वापरायची तर तिकडून माती कशाला लावायची, असा हिशोब तिनं केला असावा. त्यामुळे मी टेबलाशी बसलो की मला मडक्याचं आतलं पोट दिसायचं. घराची चौथी भिंत नसलेला संसार. प्रुफाचं भिंग हाताशी होतंच.

पहिलं मडकं पुरं झालं तेव्हा मला वाटलं, आता ती अळी आणेल. तिनं आणली नाही. शेपटीचं टोक मडक्याच्या गळ्यात घातलं, थोडी थरथरली आणि उडून गेली. मी भिंग लावलं. आत छताला केसासारख्या बारीक दोऱ्यानं एक अंडं टांगलेलं होतं. तांदळाच्या कणीएवढं. रिकाम्या मडक्यात, एकटं, हलतंय.

मग हिरव्या अळ्या आल्या. एकेक आणून तिनं आत कोंबली. त्या मेलेल्या नव्हत्या, सुन्न होत्या. मधूनच एखादी अंग आखडायची. मडकं भरलं तसं तिनं गळा मातीनं बंद केला आणि शेजारी दुसरं मडकं घ्यायला निघून गेली. परत आत डोकावून पाहायला आली नाही. काही दिवसांनी अंड्यातून पिल्लू निघालं, पांढरं, आंधळं. ते वरून लोंबत लोंबत अळ्या खाऊ लागलं.

मी वत्सलाला हाक मारली. ती ओले हात पुसत आली आणि भिंगाला डोळा लावून वाकली. तेव्हा आणखी एका मडक्यात नुकतंच अंडं टांगलं गेलं होतं.

"हे काय लोंबतंय?"

"अंडं."

"अळी कुठाय?"

"अजून आणली नाही. अंडं आधी असतं. अळ्या नंतर."

"नक्की? का तुमचं आपलं..."

"सगळ्या मडक्यांत तेच पाहिलं. अळ्या म्हणजे शिधा. पिल्लाला खायला."

"मग अळीची कुंभारीण होते म्हणतात ते?"

"अळीचं काही होत नाही. बिचारी खाल्ली जाते."

ती बराच वेळ वाकून होती. मग आत गेली. आतून भांड्यांचे आवाज येत राहिले. त्या दिवशी ना सण ना वार, तिनं पुरणपोळ्या केल्या. मी विचारलं, "आज काय विशेष?" तर म्हणाली, "तुम्हाला नकोत का? उद्गारचिन्ह."

मला काही कळलं नाही. मला पुष्कळ गोष्टी उशिरा कळतात.

दसऱ्याच्या सुमारास धुंडिराजशास्त्री उंडाळे यांच्या प्रवचनांचं पुस्तक छापायला आलं. शास्त्रीबुवा तेव्हा पंचावन्नचे असतील. घाटावर त्यांचं प्रवचन असलं की पायऱ्या पुरायच्या नाहीत. वाणी गोड, पाठांतर अफाट, आणि माणूसही, माझ्या ऐकण्यात, लोभी नव्हता. मी ज्यांची प्रूफं तपासायचो त्या शेट्यांच्या छापखान्याला असं काम म्हणजे मान होता. पुढचे भागही आपल्याकडेच यावेत म्हणून शेटे स्वतः प्रूफ घेऊन आले. "तारळेकर, यात काना-मात्रेचीसुद्धा गफलत नको," असं म्हणून गेले.

एका संध्याकाळी आम्ही ध्यासावरचं प्रवचन तपासत होतो. वत्सला हस्तलिखितातून वाचत होती. "कुंभारीण अळीला मडक्यात कोंडते अर्धविराम भोवती गुणगुणत राहते अर्धविराम अळी रात्रंदिवस तिचाच ध्यास घेते स्वल्पविराम आणि त्या ध्यासाने अळीचीच कुंभारीण होते..."

ती थांबली. मी प्रुफावर नजर ठेवून वाट बघत होतो. खाली मडक्यांसारखाच गोल पूर्णविराम छापलेला होता.

"प्रश्नचिन्ह," ती म्हणाली.

माझ्या हातानं पूर्णविराम खोडला आणि समासात प्रश्नचिन्ह काढलं. मग मी वर पाहिलं.

"मुळात प्रश्नचिन्ह आहे?"

"पुढं चला. तव्यावर भाकरी आहे."

मी हस्तलिखित तिच्या हातातून घेऊन बघायला हवं होतं. तो माझा धंदा होता. पण समोर काचेपलीकडे मडकी होती आणि त्यांत काय आहे ते मला ठाऊक होतं. मी हात पुढे केला नाही. पुढं चललो.

खिळे जुळवणाऱ्यानं खुणेप्रमाणे बदल केला, पानं लागली, आणि पक्कं प्रूफ शास्त्रीबुवांकडे गेलं. चौथ्या दिवशी शेटे आमच्या पडवीत उभे होते, हातात ते पान, आणि चेहरा असा की घरात कुणी गेलंय.

"हे काय आहे तारळेकर? 'ध्यासाने अळीचीच कुंभारीण होते' आणि पुढं प्रश्नचिन्ह! शास्त्रीबुवांना वाटलं, आम्ही त्यांची टिंगल केली."

"बसा ना."

"बसायला वेळ नाही. मुळात पूर्णविराम आहे. मी बघितलं. हे आलं कुठून?"

मी ते पान हातात घेऊन बघू लागलो. माझी जीभ अशा वेळी टाळूला चिकटते. शेटे मुळात वाईट माणूस नव्हे. त्यांनी आवाज उतरवला आणि दाराकडे बघत म्हणाले, "वहिनी वाचतात ना तुम्हाला? मग झालं की. लिहून टाका, वाचणाऱ्याची चूक झाली. बायकांच्या चुकीचं कुणी मनावर घेत नाही. शास्त्रीबुवा हसतील आणि विषय मिटेल."

गंमत अशी की ते खरं होतं. ती वाचणारी होती आणि तिनंच वाचलं होतं. आत बांगड्यांचा आवाज थांबलेला मला ऐकू आला.

"खूण माझी आहे," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"माझ्या हातची आहे. चुकून नाही झालेली."

"मुद्दाम?" शेट्यांचा आवाज चिरकला. "अहो, तुमचं काम ऱ्हस्व-दीर्घ बघायचं! मजकूर खरा की खोटा हे कधीपासून बघायला लागलात? उद्या पंचांग छापायला आलं तर ग्रहांना प्रश्नचिन्ह लावाल!"

"पंचांगातलं मला काही कळत नाही," मी म्हणालो. "हे मी पाहिलंय."

बोललो खरा. मी सुपाशेजारी खाली बसलो. शेटे माझ्याकडे बघतच राहिले. पायातल्या मांजरानं अचानक भुंकावं तसं त्यांना वाटलं असणार. जाताना म्हणाले, "तर मग त्यांनाच सांगा. मी आणतो त्यांना. बघू तुमची जीभ किती चालते."

ते गेल्यावर वत्सला बाहेर आली.

"खूण माझी म्हणालात."

"हात माझाच होता."

"घाबरलात?"

"फार."

"बरं," ती म्हणाली आणि भुंग्यानं पाडलेला भुसा झाडायला लागली.

शास्त्रीबुवा खरंच आले. रविवारी, दुपारचं ऊन उतरल्यावर. पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर उपरणं, कपाळावर गंधाची बारीक रेघ. शेटे मागे उभे. मी वाकून नमस्कार केला. तेवढं माझ्याच्यानं झालं. शास्त्रीबुवा रागावलेले दिसत नव्हते. उलट मजेत होते.

"तारळेकर तुम्हीच? मी म्हटलं, ज्यानं आमच्या पूर्णविरामाची शेंडी वाकवली तो गडी पाहावा तरी. कुठं आहे तुमची ती कुंभारीण?"

मी टेबलाशी नेलं. भिंग दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि काचेला नाक लावलं. वाकण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, हे मला सांगितलंच पाहिजे.

एका मडक्यातलं पिल्लू चांगलं फुगलं होतं आणि शेवटच्या अळीत त्याचं तोंड रुतलेलं होतं. पलीकडच्या मडक्यात अंडं टांगलेलं, अळ्या अजून यायच्या होत्या. मी अडखळत अडखळत क्रम सांगितला. आधी अंडं. मग शिधा. मग दार बंद. कुंभारीण भोवती गुणगुणत बसत नाही. ती परत येतसुद्धा नाही.

शास्त्रीबुवा बराच वेळ बघत होते. कुंभारीण आली, अळी खाली ठेवली, गळ्यातून आत ढकलली आणि गेली. त्यांनी "हं" केलं. मग भिंग टेबलावर ठेवलं.

"विलक्षण आहे," ते म्हणाले. "तुमची नजर चांगली आहे, तारळेकर. पण अळीची कुंभारीण होते हे काही मी प्राणिशास्त्र म्हणून सांगत नाही. तो दृष्टांत आहे. दृष्टांत म्हणजे काठी. आंधळ्याला वाट सापडली, की काठी सागवानी होती की बांबूची, हे कुणी विचारतं का?"

शेटे खुशीत आले. "वा! यालाच म्हणतात..."

खरं सांगायचं तर मला ते पटलंच होतं. इतक्या सुंदर वाक्यापुढे मी नेहमी हरतो. मी तोंड उघडलं ते 'आपलं बरोबर आहे' म्हणायलाच.

"काठी पाठीत बसली तर विचारावं लागतं," वत्सला म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात होती. हातात सरबताचं तबक. तिनं ते टेबलावर ठेवलं, प्रूफं बाजूला सारून.

"शास्त्रीबुवा, मला ओळखलं नाहीत?"

"नाही, बाई."

"बरोबर आहे. पुष्कळ जणी येतात. कृष्णाबाईच्या उत्सवात, घाटावर, प्रवचन झाल्यावर सासूबाई मला तुमच्या पाया पडायला घेऊन आल्या होत्या. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. सासूबाईंनी विचारलं, हिची कूस उजवेल का. तुम्ही आत्ताचाच दृष्टांत दिलात. म्हणालात, अळीकडे बघा. ध्यास घ्यावा तर तिनं. ध्यास खरा असेल तर फळ ठेवलेलं. नसेल तर ध्यासात खोट आहे."

शास्त्रीबुवांनी उपरण्याचं टोक हातात घेतलं.

"तुम्ही पुढच्या बाईकडे वळलात. सासूबाई माझ्याकडे वळल्या, त्या मरेपर्यंत वळलेल्याच राहिल्या. 'ध्यासात खोट आहे.' दर संकष्टीला ते वाक्य आमच्या पंगतीला असायचं. मी काय केलं नाही? ह्या खिडकीशी बसून मी मडक्याकडे बघत राहायचे. आतली अळी कसा ध्यास घेत असेल, ते शिकायला. मला वाटायचं, एवढासा जीव, आणि त्याला जमतं. मला जमत नाही." तिचा आवाज चढला नव्हता. ती प्रूफ वाचताना वाचायची तसंच बोलत होती, शब्द न शब्द सुटा. "ह्यांनी मला भिंगातून दाखवलं त्या दिवशी कळलं. अळी कसला ध्यास घेते? ती सुन्न पडलेली असते. ज्या मडक्यात अंडं आहे त्यातून कुंभारीण निघते. ज्यात नाही त्यातून नाही. अळीची त्यात काही खोट नाही. त्या दिवशी मी पुरण घातलं, शास्त्रीबुवा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला भूक लागली होती."

मी तिच्याकडे बघू शकलो नाही. काचेकडे बघत राहिलो. इतकी वर्षं तीच काच, तीच मडकी, आणि माझ्या माघारी माझ्या खुर्चीत बसून ती काय बघत होती हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं तिला माझा किडे बघण्याचा नाद आवडतो.

"आणि ते प्रश्नचिन्ह ह्यांचं नाही," ती म्हणाली. "मी वाचलं. मुळात पूर्णविराम होता, मला दिसत होता. ही वाचणाऱ्याची चूक नव्हे. वाचणाऱ्याचा प्रश्न आहे."

"वहिनी..." शेटे म्हणाले.

"दोघांचं आहे," मी म्हणालो. तो आवाज माझा होता हे मला मागाहून कळलं. "तिनं वाचलं, मी घातलं. शास्त्रीबुवा, पुस्तक तुमचं आहे. तुम्ही खोडा. आम्ही खोडणार नाही."

शास्त्रीबुवा जायला वळले. त्यांनी सरबताच्या पेल्याला हात लावला, उचलला नाही. बोलण्यात ज्यांना कधी शब्द शोधावा लागला नव्हता असा तो माणूस दारापर्यंत गप्प गेला. उंबऱ्यावर थांबून म्हणाला, "मी लिहून कळवतो."

त्यांनी कळवलं. तेच ते जाड पत्र. अक्षर मोत्यासारखं. सौभाग्यवतींच्या दुःखाबद्दल सहानुभूती होती. आपल्या शब्दाचा असा अर्थ घेतला जावा याचा खेदही होता. पण दृष्टांत परंपरेचा आहे, तो आपण एकट्यानं बदलू शकत नाही. शिवाय मुद्रितशोधकानं ग्रंथकाराच्या वाक्याला प्रश्न केल्याची गोष्ट गावात पसरली आहे. तरी 'सदर प्रश्नचिन्ह अनवधानाने पडले, ते आम्ही मागे घेतो' एवढ्या दोन ओळी लिहून द्याव्यात, म्हणजे शेट्यांकडचं माझं काम आणि पुढच्या भागांची छपाई दोन्ही सुरळीत होईल.

मी लिहून दिलं नाही. लिहिणार नाही असंही कळवलं नाही. पुस्तक निघालं, पूर्णविरामासह. पुढचे भाग पुण्याला छापले गेले. शेट्यांनी माझ्याकडे प्रूफं पाठवणं बंद केलं आणि मी साताऱ्याहून येणाऱ्या लग्नपत्रिका, परीक्षेचे पेपर, औषधांची माहितीपत्रकं असलं तपासायला लागलो. वत्सला वाचत राहिली. "दिवसातून दोन वेळा स्वल्पविराम जेवणानंतर पूर्णविराम." त्या विषयावर आम्ही दोघं पुन्हा बोललो नाही. मात्र पाय न वाजवता चालायची गरज उरली नव्हती.

आता छापखाने गेले, खिळे भंगारात गेले. प्रूफं कुणी कागदावर काढत नाही. मला ऐकू कमी येतं आणि वत्सलाच्या गुडघ्यांनी संप केलाय. काच तीच आहे. शास्त्रीबुवा पुण्याला मुलीकडे असतात. नव्वदी उलटली तरी वाणी शाबूत आहे असं ऐकतो. ऐकतो म्हणजे खरंच ऐकतो, कारण शेजारच्या जगतापबाई रोज सकाळी त्यांची प्रवचनं मोबाइलवर लावतात, आणि तेवढं मलासुद्धा ऐकू येतं.

यंदा गणपती उठल्यावर एका सकाळी जगतापबाईंची सून ऋतुजा विरजण मागायला आली. बँकेत नोकरी करते, हसरी पोर. त्या दिवशी हसत नव्हती. भिंतीपलीकडून आवाज येतच होता: "...आणि त्या ध्यासाने अळीचीच कुंभारीण होते."

वत्सलानं विरजणाची वाटी हातात धरूनच विचारलं, "काय गं, काय झालं?"

"काही नाही हो, काकू. डॉक्टर म्हणतात दोघांचंही सगळं ठीक आहे. आणि आई म्हणतात..." तिनं भिंतीकडे मान केली. "म्हणतात, तू ऑफिसचाच ध्यास घेतेस. इकडं कमी पडतो. रोज तेच ऐकून आता मलाही वाटायला लागलंय."

वत्सलानं वाटी खाली ठेवली. गुडघ्यावर हात देऊन उठली. "चल इकडं. अहो, सरका." तिनं ऋतुजाला माझ्या खुर्चीत बसवलं आणि भिंग तिच्या हातात दिलं. काचेपलीकडे ताजं मडकं होतं. "काय दिसतंय?"

"बारीक काहीतरी लोंबतंय."

"अंडं आहे ते. अळी दिसते का कुठं?"

"नाही."

"नीट बघ. आणि मग ते भिंतीपलीकडचं ऐक."

ऋतुजा बघत राहिली. वत्सला माझ्याकडे वळली. मी टेबलाच्या कोपऱ्यात, स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा उभा.

"त्या पत्राला उत्तर द्या," ती म्हणाली.

"आता? इतक्या वर्षांनी? त्यांना आठवतही नसेल."

"त्यांना नसेल. त्यांचं वाक्य अजून हिंडतंय की."

"काय लिहू? मला मायनाच सुचत नाही, वत्सला."

"मग मायन्याशिवाय लिहा."

मी पोस्टकार्ड घेतलं. लिफाफा असता तर कदाचित मी पुन्हा चार पानं विचार केला असता. शिवाय कार्ड वाटेत कुणीही वाचू शकतं, आणि या वेळी मला ते हवं होतं. वत्सला खुर्चीच्या पाठीला टेकून उभी होती. ती सांगत गेली नाही, मी विचारलं नाही.

'आपले पत्र मिळाले. प्रश्नचिन्ह अनवधानाने पडलेले नव्हते. ते मागे घेत नाही. आपण हयात आहात तोवर आपल्याच वाणीने हे वाक्य दुरुस्त करावे. ते अजून बायकांना ऐकवले जात आहे. खिडकी इथेच आहे. केव्हाही येऊन पाहावे. केशव तारळेकर, वत्सला तारळेकर.'

तिचं नाव तिनं स्वतः लिहिलं.

पोस्टात मी स्वतः गेलो. काठी टेकत, ऊन चढायच्या आत. पेटीत टाकायला गेलो तर मन बदलून तिथंच उभा राहीन अशी भीती वाटली, म्हणून खिडकीवरच्या मुलीच्या हातात दिलं. तिनं सरळ वाचलं. मला वाटलं होतं मी लाजेन. लाजलो नाही. तिनं पुन्हा एकदा वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"आजोबा, पिन कोड राहिलाय."

मी तिचं पेन मागून घेतलं आणि पिन कोड घातला. तिनं शिक्का मारला आणि कार्ड पुण्याच्या गठ्ठ्यावर टाकलं.